आजोबांचं 'सा. न. वि. वि.' आणि नातवाचं 'जे१'

"हल्लीच्या मुलांनी मराठीची पार वाट लावली," हे वाक्य तुम्ही घरी ऐकलंच असेल. पुरावाही लगेच हजर होतो. रोमन 'जे' अक्षरापुढे १ चा आकडा काढायचा, वाचायचं 'जे-वन', की झालं जेवण! वर ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही.

पहिल्या वर्षी मी यावर एक कच्चं प्रकरण लिहिलं. एका बाजूला मुलांचे चॅट, दुसऱ्या बाजूला जुन्या वर्तमानपत्रांतले अग्रलेख. फरक अर्थातच प्रचंड दिसला आणि मी खूश झालो. मार्गदर्शकांनी समासात एकच प्रश्न लिहून ते परत केलं: "यांच्या आजोबांची पोस्टकार्डं बघितलीत का?" तीन महिन्यांचं काम तिथेच संपलं.

चूक साधी होती. खाजगी, घाईच्या लेखनाची तुलना मी छापील, तपासलेल्या लेखनाशी केली होती. तुम्हीही हे करणार आहात, म्हणून आधीच सांगतोय. चॅटशी तुलना करायची तर ती कार्डाशी, चिठ्ठीशी, तारेशी करा.

कार्डांत काय सापडतं? 'ति. स्व.', 'चि.', 'रा. रा.', आणि अर्थातच 'सा. न. वि. वि.', म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. चार शब्दांची चार अक्षरं! कार्डावर जागा कमी, म्हणून मजकूर कडेकडेने फिरवून लिहिलेला. तारेत तर शब्दागणिक पैसे पडत. शुभेच्छांच्या तयार वाक्यांना क्रमांक दिलेले असत, आकडा सांगितला की पूर्ण वाक्य पोचायचं. (आज मावशी सकाळी फुलांचं तयार चित्र पाठवते, ते मला याच वंशातलं वाटतं.)

त्याच्याही मागे जा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत मराठी माणसाचं रोजचं लेखन बरंचसं मोडीत चाले. मोडीत शब्द तोडत नाहीत, विरामचिन्हं जवळपास नाहीत, आणि इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळला जात नाही. हिशेब, दस्तऐवज, पत्रं सगळं त्यातच चाललं. ज्या नियमांवर बोट ठेवून आज नातवाला बोलणी बसतात, ते मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ चे, त्यांत १९७२ साली भर पडली. त्यांनी 'नांव', 'गांव' यांवरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले. म्हणजे आजच्या आजोबांचं 'शुद्ध' लेखन त्यांच्या आजोबांच्या डोळ्यांना चुकीचंच दिसलं असतं.

आता रोमन लिपीबद्दल. आळस, इंग्रजीचं वेड, अशी कारणं दिली जातात. पण एसएमएसचा हिशेब बघा: एका संदेशात रोमन अक्षरं १६० मावत, देवनागरी फक्त ७०. पैसे संदेशागणिक. मर्यादा आखणारे अभियंते होते, मुलं नव्हेत. स्मार्टफोन आल्यावर मात्र हे कारण पुरत नाही. तिथे सवय, कीबोर्ड आणि मित्रांचं वळण वेगवेगळं तपासावं लागतं. मी सध्या तिथेच अडकलोय.

मग तक्रार खोटी का? सगळी नाही. मोडीत 'ल' आणि 'ळ' वेगळे आहेत, 'न' आणि 'ण' वेगळे आहेत. रोमनमध्ये 'काल' आणि 'काळ' एकसारखेच दिसतात. हे नुकसान खरं आहे, आणि मोडीचा दाखला देऊन ते झाकता येत नाही. पण 'वाट लावली' या वाक्यात ते सापडत नाही. ते वाक्य बोलणाऱ्याच्या शाळेबद्दल जास्त सांगतं, मुलांच्या भाषेबद्दल कमी. म्हणून अशी प्रत्येक तक्रार नोंदवताना बोलणाऱ्याचं शाळेत जाण्याचं साल शेजारी लिहीत चला.

आणि घरच्या ट्रंका उघडायच्या असतील तर लवकर उघडा. आमच्याकडची निम्मी कार्डं गेल्या दिवाळीत रद्दीत गेली.