स्फटिकांतील दुफळी

एकीचें बळ सर्वांत मोठें, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. पदार्थविज्ञानाच्या इतिहासांत मात्र एक प्रकरण असें आहे कीं, तें पाहिल्यावर या वचनास थोडी पुरवणी जोडावी, असें आम्हांस वाटतें.

इ. स. १८८० मध्यें पॅरिस येथें झाक व प्येर क्यूरी या बंधूंनीं दाखविलें कीं, कांहीं स्फटिक दाबले असतां त्यांच्या पृष्ठभागीं विद्युत् प्रकट होते. त्यांनीं तपासलेल्या स्फटिकांत रोशेल क्षार होता. फ्रान्समधील ला रोशेल गांवीं सतराव्या शतकांत तो रेचक म्हणून प्रथम तयार झाला. या रेचकाचें खरें मर्म १९२० सालीं अमेरिकेंत मिनेसोटा विद्यापीठाच्या जोसेफ व्हालासेक यांनीं ओळखलें. लोहचुंबकाप्रमाणें हा क्षारही, बाहेरची विद्युत् काढून घेतली तरी, तिची दिशा धरून बसतो!

अशा स्फटिकांत धन व ऋण ध्रुव स्वभावतःच असतात. परंतु त्यांची दिशा सर्वत्र एक नसते. एका भागांत ती वर, शेजारच्या भागांत खालीं किंवा आडवी. समान दिशेच्या या भागांस आपण विभाग म्हणूं. स्फटिक दाबला म्हणजे एका विभागानें जें द्यावें, तें दुसऱ्यानें हिरावून घ्यावें, असा प्रकार होतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत बेरियम टायटनेट हा चिनी मातीप्रमाणें भाजून केलेला पदार्थ पुढें आला. त्यांत असंख्य कण, आणि कणाकणांत अनेक विभाग. तेव्हां त्यापासून दाबविद्युतेची आशा कोण धरणार? परंतु आर. बी. ग्रे यांनीं त्यास प्रखर विद्युत् लावली. विभाग शक्य तितके एका दिशेस वळले, व पुढेंही बहुतांशीं तसेच राहिले. या शोधाच्या पेटंटासाठीं त्यांनीं १९४६ मध्यें अर्ज केला. निर्जीव वाटणारा तुकडा कामास लागला. येथवर एकीचाच विजय झाला, असें म्हणतां येईल.

पण कथा येथें संपत नाहीं. १९९७ मध्यें पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठांतील पार्क व श्राउट यांनीं शिसें, जस्त, नायोबियम व टायटॅनियम यांच्या संयुक्त ऑक्साइडाचे अखंड स्फटिक घेतले, आणि विद्युत् लावली ती कोणत्याही विभागाच्या स्वाभाविक दिशेनें नव्हे, तर चार दिशांच्या बरोबर मधून. चारही प्रकारचे विभाग कायम राहिले. परंतु मध्यरेषेशीं सर्वांचा कोन सारखाच असल्यामुळें एकानें दुसऱ्याची जागा बळकावण्याचें कारण उरलें नाहीं. या स्फटिकांची लांबी विद्युतेनें शेंकडा एकाहूनही अधिक वाढली. भाजलेल्या पदार्थांत ती शेंकडा एक-दोन दशांशच वाढत असे. हृदयाच्या सोनोग्राफीच्या कांहीं यंत्रांत आज याच जातीचे स्फटिक असतात.

भेद मोडून काढण्यानें जें साधलें, त्याहून अधिक तो योग्य रीतीनें मांडल्यानें साधलें. सर्वांचें तोंड एकाच दिशेस असणें हीच एकी, असें मानणाऱ्यांनीं या मूक स्फटिकाची साक्ष अवश्य काढावी.