सोननाकाचा रस्ता कोणता?

मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमधून बाहेर पडून मुंबई जिमखान्याच्या बाजूला चालत गेले की हजारीमल सोमाणी मार्ग लागतो. जुन्या माणसांच्या तोंडी तो अजून वॉडबी रोडच आहे. विद्यार्थी असताना जुनी पुस्तके शोधत मी या रस्त्याने कितीतरी वेळा गेलो असेन. हा वॉडबी कोण, असा प्रश्न मला कधी पडला नाही. गोऱ्या साहेबांची नावे रस्त्यांना असतातच, एवढीच आमची समजूत.

पुढे मी इतिहासाचा प्राध्यापक झालो. खडवलीहून कसारा लोकल पकडायची, कल्याणला उतरायचे, वर्गात जाऊन पहिल्या महायुद्धाची कारणे सांगायची, आणि संध्याकाळी भातसा नदीच्या काठच्या आमच्या वस्तीत परत यायचे. घरात पदवी घेणारा मी पहिला. वडील रेल्वेत गँगमन होते. आजी निरक्षर, पण तिच्या बोलण्यात एक चमत्कारिक शब्द होता. कोणी घरी यायला उशीर केला की ती विचारायची, "काबूलला गेला काय रं?" आम्ही पोरे हसायचो. काबूल कोठे आहे हे तिला ठाऊक नव्हते, आम्हालाही नव्हते. ज्या वस्तीतल्या माणसांना गावच्या पाणवठ्यावर जायची बंदी होती, त्या वस्तीच्या बोलीत काबूल कोठून आले, हे विचारायला मला इतिहासात एम. ए. व्हावे लागले. तोवर आजी राहिली नव्हती.

उत्तर १८८० सालात सापडते. ते वॉडबी रोडपाशी येऊन थांबते, म्हणून हा लेख.

दुसरे इंग्रज-अफगाण युद्ध १८७८ ला सुरू झाले. रशियाच्या भीतीने इंग्रजांनी अफगाणिस्तानात फौजा घातल्या आणि दक्षिणेकडे कंदाहार ताब्यात घेतले. या फौजांत मुंबई इलाख्याच्या पलटणी होत्या, आणि त्या पलटणींत कोकणातले व देशावरचे महार होते. मुंबईहून बोटीने कराची, तेथून सिंधच्या वाळवंटातून बोलन खिंड, क्वेट्टा, खोजक घाट, चमन आणि मग कंदाहार, अशी ती वाट. शिपायाचा पगार महिना सात रुपये. सात रुपयांसाठी माणूस आपला मुलूख सोडून एवढ्या दूर का जातो, हा प्रश्न ज्याला पडेल त्याने गावकुसाबाहेर एक वर्ष काढून पाहावे. गावात त्याला बलुते होते, म्हणजे शिळ्या भाकरीचा हक्क होता आणि मेलेले ढोर ओढण्याचे कर्तव्य होते. पलटणीत त्याला अंगावर गणवेश, हातात बंदूक, महिन्याला रोख पैसा आणि हजेरीपटावर नाव मिळत होते. देशांतर त्याने देश नको म्हणून केले नाही. देशात त्याला जागा नव्हती म्हणून केले.

चमन आणि कंदाहार यांच्यामधल्या रस्त्यावर दबराई नावाचे एक ठाणे होते. रसद आणि टपाल याच रस्त्याने जाई, म्हणून ठिकठिकाणी अशी ठाणी केलेली. १६ एप्रिल १८८० रोजी या ठाण्यावर सुमारे तीनशे अफगाणांनी हल्ला केला. ठाण्यातले बाकीचे पळाले. तिघे जण राहिले. एक १९ व्या मुंबई पायदळ पलटणीचा मेजर सिडनी जेम्स वॉडबी, आणि त्याच पलटणीचे दोन शिपाई. एकाचे नाव इलाही बक्ष, दुसऱ्याचे सोननाक ताननाक.

या तिघांनी तीन तास ठाणे लढवले. काडतुसे संपली तेव्हा तिघेही बाहेर पडून शत्रूच्या गर्दीत घुसले आणि तेथेच मारले गेले. पलटणीने पुढे त्यांच्या स्मरणार्थ फलक बसवला. बाकीचे पळून गेले असता हे तिघे मरेपर्यंत लढले, अशी नोंद त्यावर आहे आणि तिघांचीही नावे आहेत. मुंबईत रस्त्याला मात्र एकाचेच नाव दिले गेले.

सोननाक ताननाक हे नाव नीट वाचावे. सोननाक तो स्वतः, ताननाक त्याचा बाप. आडनाव नाही. 'नाक' ही अक्षरे जातीची खूण. कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावे आहेत, तेथेही अशीच 'नाक' लागलेली नावे रांगेने दिसतात. या दोन अक्षरांचा संबंध कोणी नायकाशी लावतात, कोणी नागाशी. व्युत्पत्ती काहीही असो, गावात ही अक्षरे ऐकली की माणूस चार हात दूर सरत असे. पलटणीत तीच अक्षरे हजेरीला मोठ्याने पुकारली जात आणि समोरून "हजर" असे उत्तर येई. आपल्या लोकांना पलटण का प्रिय होती याचे उत्तर त्या एका शब्दात आहे.

पण पलटणीने आपल्याला खरे दिले ते वेगळेच. कंपनीच्या काळापासून लष्करात शिपायांना आणि त्यांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते. गावच्या शाळेची पायरी ज्यांना वर्ज्य होती त्यांची मुले छावणीच्या शाळेत अक्षरे गिरवू लागली. मी खडवलीत राहतो. शेजारचा तालुका मुरबाड. बाबासाहेबांच्या मातोश्री भीमाबाई या मुरबाडकरांच्या घराण्यातल्या. त्यांचे वडील आणि सहा चुलते सगळे लष्करात सुभेदार-मेजर होते. वडील रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक. १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म झाला तोही महूच्या छावणीत. आपण बाबासाहेबांच्या विद्वत्तेविषयी बोलतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या विद्वत्तेची पहिली पाटी कोठून आली याचा शोध घेत गेलो तर आपण सोननाकाच्या पलटणीपाशी येऊन पोचतो. गोपाळबाबा वलंगकर हेही पलटणीतूनच निवृत्त झालेले. अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचलणारी आपली पहिली पिढी ही बहुतेक पेन्शनरांची पिढी आहे.

आणि नेमके हेच दार बंद झाले.

दबराईनंतर तीन महिन्यांनी, २७ जुलै १८८० ला, मैवंद येथे अयूबखानाने इंग्रज फौजेचा मोठा पराभव केला. त्या फौजेत मुंबईच्या पलटणी होत्या. काबूलहून कूच करून जनरल रॉबर्ट्स आला आणि १ सप्टेंबरला त्याने कंदाहारची लढाई जिंकली. हाच रॉबर्ट्स १८८५ मध्ये हिंदुस्थानचा सरसेनापती झाला. त्याचे ठाम मत असे की लढाऊ जमाती काय त्या उत्तरेकडच्या, मुंबई-मद्रासकडच्या शिपायांत दम नाही. मग जातवार पलटणी आणि कंपन्या बांधण्याचे धोरण आले. लढाऊ कोण आणि बिनलढाऊ कोण यांच्या याद्या झाल्या. १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. वरच्या जातीचा शिपाई महार हवालदाराला सलाम कसा ठोकणार, ही अडचणही सरकारला याच वेळी फार जाणवू लागली. म्हणजे मनूचा कायदा गावात होताच, तो आता इंग्रजांच्या लष्करी हुकुमातही शिरला. सोननाकाला दबराईत मरून बारा वर्षेही धड झाली नव्हती तोच त्याची जात लढण्यास नालायक ठरली.

या अन्यायाविरुद्ध आपल्या लोकांनी अर्ज लिहिले. वलंगकरांनी लिहिले, रामजी सुभेदारांनी खटपट केली, १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी दख्खनच्या महारांच्या वतीने थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला. या अर्जांचा सूर सारखाच आहे: आम्ही पूर्वी इमानाने लढलो, आमचे रक्त सांडले, आम्हाला परत घ्या. मी हे वाचतो तेव्हा मला अभिमान वाटतो आणि त्याच वेळी काळजात काहीतरी टोचते. मेलेल्या माणसांचा पुरावा मांडून जिवंत माणसांसाठी नोकरी मागावी लागत होती. आणि सरकारला तो पुरावा पटला कधी? युद्धात माणसे कमी पडली तेव्हा. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. गरज सरली तशी १९२१ मध्ये मोडली. पुन्हा दुसरे महायुद्ध पेटले, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची स्थापना झाली. ती आजही आहे. पहिल्या वेळी अर्ज होता, दुसऱ्या वेळी अर्जामागे संघटित समाज आणि त्याचा पुढारी होता. पलटण टिकण्यातला फरक हा या दोन गोष्टींतला फरक आहे.

हे सारे मी एकदा वर्गात सांगत होतो. मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "सर, पण ते अफगाण त्यांच्याच देशासाठी लढत होते ना? मग आपला माणूस कोणाच्या बाजूने मेला?" वर्ग शांत झाला. मुलगा आमच्याच वस्तीसारख्या वस्तीतला होता. मी त्याला तासापुरते उत्तर दिले, पण ते उत्तर मला पुरले नाही. हा लेख त्या मुलासाठीही आहे.

प्रश्न रास्त आहे आणि तो टाळण्यात अर्थ नाही. दबराईवर चालून आलेले तीनशे जण परक्या फौजेने बळकावलेल्या आपल्या मुलखात लढत होते. साम्राज्य इंग्रजांचे होते, सोननाकाचे नव्हते. त्याच्या शौर्याचे ढोल वाजवून आपण साम्राज्याचे भाट होऊ नये. पण हाच प्रश्न जेव्हा प्रस्थापित इतिहासकार विचारतो, महारांनी परक्यांची चाकरी केली असे हेटाळून म्हणतो, तेव्हा त्यालाही उलटा प्रश्न विचारला पाहिजे. इंग्रजांच्या पलटणींत मराठे होते, रजपूत होते, ब्राह्मण होते, मुसलमान होते. कचेऱ्यांत आणि न्यायालयांत इंग्रजांचे राज्य चालवणारे हात कोणाचे होते? त्यांना चाकरीचा जाब कोणी विचारत नाही. ज्याला स्वतःच्या गावात पाणी मिळत नव्हते त्याच्याकडूनच तेवढी देशनिष्ठेची पावती मागितली जाते. देश ही गोष्ट आधी द्यावी लागते, मग तिच्यासाठी निष्ठा मागता येते.

आणखी एक गोष्ट मला त्या ठाण्यात दिसते. शेवटचे तीन तास तेथे एक ख्रिस्ती, एक मुसलमान आणि एक महार होते. काडतुसे संपत आलेली असताना कोणाच्या हातचे काडतूस कोणी घ्यावे हा विचार तेथे कोणी केला असेल असे मला वाटत नाही. मरणाच्या दारात गळून पडलेली अस्पृश्यता शांततेच्या काळात लष्करी याद्यांत परत उगवली. शौर्य जातीवर ठरत नाही हे दबराईने दाखवून दिले होते. राज्यकर्त्यांना ते पाहायचे नव्हते आणि आपल्या देशबांधवांना ते सोयीचे नव्हते.

म्हणून सोननाकाकडून मी जो धडा घेतो तो इमानाचा नाही. बलिदानाने हक्क मिळत नाहीत, हा तो धडा आहे. बलिदानाने फार तर फलक मिळतो. हक्क मिळतात ते संघटनेने. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला जी परिषद भरली तिच्यात बाबासाहेबांनी लष्करभरती बंदीचा विषय काढला होता. त्याच परिषदेतून लोक उठून चवदार तळ्यावर गेले. दुसऱ्यांच्या ठाण्यासाठी लढणाऱ्यांचे वारस त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःच्या पाण्यासाठी रांगेने चालले. कवायत पलटणीतलीच होती, हुकूम मात्र आता आपल्या माणसाचा होता.

भरतीचे दार बंद झाल्यावर आमच्यासारख्यांची घरे गिरणीत, गोदीत आणि रेल्वेच्या रुळांवर पांगली. छावणीच्या शाळेची वाट तुटली ती आमच्या घरात वडिलांच्या पिढीपर्यंत पुन्हा जोडली गेली नाही. १८९२ पासून माझ्या पदवीपर्यंतची ती मधली शंभरावर वर्षे कोणाच्या हिशेबात धरायची? एका लष्करी हुकुमाची किंमत अशी पिढ्यांनी मोजावी लागते. आजीचा तो "काबूल" शब्द या मोजणीतला एक आकडा होता. मला तो फार उशिरा वाचता आला.

गेल्या महिन्यात मी त्या रस्त्यावर पुन्हा गेलो. या वेळी बरोबर तो मागच्या बाकावरचा मुलगा होता. पाटी बदलली आहे, वॉडबीचे नावही आता तिच्यावर नाही. मुलगा म्हणाला, "सर, मग सोननाकाचा रस्ता कोणता?" मी म्हटले, "तू लिहिशील तो." तो वहीत तारीख लिहून घेत होता: १६ एप्रिल १८८०.