विद्युत मोटारीची बॅटरी आणि जुन्या गाडीचे मोल

नागपुरात २६ मे २०१७ रोजी ओला आणि महिंद्रा यांनी सुमारे २०० विद्युत वाहनांचा टॅक्सी-प्रकल्प सुरू केला. पुढे चार्जिंगच्या रांगांना कंटाळून काही चालक डिझेलकडे वळू लागले, आणि चर्चा बहुतेक तिथेच अडकली. बॅटरीच्या आयुष्याचा प्रश्न त्याहून खोल आहे. लिथियम-आयन घटांतील अनिष्ट रासायनिक क्रिया उष्णतेने वेगावतात. म्हणून मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जाणाऱ्या या शहरात गाडी पूर्ण चार्ज करून उन्हात दिवसभर उभी ठेवणे बॅटरीला विशेष घातक. अमेरिकेतील अ‍ॅरिझोनातही द्रवशीतनाची सोय नसलेल्या निसान लीफच्या बॅटऱ्या २०१२च्या सुमारास लवकर खालावल्याच्या तक्रारी झाल्या होत्या.

म्हणूनच जुन्या गाडीची किंमत केवळ वर्ष आणि किलोमीटर पाहून ठरवणे चुकीचे आहे. बॅटरीची उरलेली क्षमता मोजलीच पाहिजे. बॅटरी बदलण्याचा खर्च गाडीचे मोलच गिळतो, हा आक्षेप रास्त आहे, पण अपुरा. क्षमता हळूहळू घटते, बिघाड अनेकदा बॅटरीतील एखाद्या घटसमूहापुरता (मॉड्यूलपुरता) असतो, आणि भारतात अनेक कंपन्या ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरपर्यंत हमी देतात. सत्तर टक्के क्षमता उरलेली गाडी नागपुरात सीताबर्डी ते हिंगणा अशा जवळच्या रोजच्या फेऱ्यांना पुरते. दूरच्या अमरावतीला जाऊन-येऊन करणाऱ्याला मात्र ती तोकडी पडू शकते. हमी नव्या मालकाच्या नावे होते का, हे खरेदीपूर्वी लेखी तपासावे. निकामी बॅटरीच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे.