स्वतःचं फंक्शन लिहायचं कशाला? थोडा इतिहास, थोडं वऱ्हाड

इतिहासात पीएचडी करणाऱ्याला पीएचपीतलं फंक्शन कशाला हवं? अमरावती-अकोल्याच्या जुन्या कागदांवर काम करणार असाल, तर हवंच. एका कागदावर शक, दुसऱ्यावर फसली, तिसऱ्यावर इसवी सन. शेकडो नोंदी वेबपेजवर क्रमानं लावायच्या, तर सगळ्या एकाच सनात आणाव्या लागतात.

आधी फंक्शन आलं कुठून ते पाहू. 1949 मध्ये केंब्रिजला एडसॅक हा संगणक सुरू झाला. तिथे डेव्हिड व्हीलर नावाचा संशोधक विद्यार्थी होता, म्हणजे तुमच्यासारखाच. तेच ते गणित दरवेळी नव्यानं लिहिलं की दरवेळी नवी चूक शिरायची. म्हणून तपासलेले तुकडे कागदी पट्टीवर छिद्रं पाडून कपाटात ठेवू लागले. मूळ प्रोग्राममधून अशा तुकड्यात जायचं आणि काम झालं की निघालो तिथेच परत यायचं, ही युक्ती व्हीलरची. 1951 मध्ये त्यानं विल्क्स आणि गिल यांच्यासोबत त्यावर पुस्तक काढलं, आणि त्याच वर्षी त्याची पीएचडीही झाली.

आता वेबकडे येऊ. रासमुस लेरडॉर्फनं 1994 मध्ये आपला ऑनलाइन बायोडाटा कोण पाहतं हे मोजायला काही छोटी साधनं लिहिली. पीएचपी तिथून सुरू झालं. 1996 च्या पीएचपी-एफआय आवृत्तीत वापरणाऱ्याला स्वतःची फंक्शन्स लिहिता येऊ लागली. साधनांच्या पेटीची खरी भाषा होऊ लागली ती याच टप्प्यावर.

आता आपलं काम. शकात 78 मिळवले की इसवी सन, हे सगळ्यांना पाठ असतं. पण शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं, इसवी सन जानेवारीत. म्हणून चैत्र ते कार्तिक 78, आणि माघ-फाल्गुनात 79. मार्गशीर्ष आणि पौष डिसेंबर-जानेवारीच्या सीमेवर येतात. तिथे तिथी पाहिल्याशिवाय वर्ष सांगता येत नाही.

हा निर्णय दहा फायलींत दहा वेळा लिहू नका. एकच फंक्शन लिहा: कंसात शक आणि महिना द्या, रिटर्नमध्ये इसवी सन घ्या. पीएचपीत बाहेरचं व्हेरिएबल फंक्शनच्या आत आपोआप दिसत नाही, म्हणून लागेल ते कंसातूनच द्यायचं. मार्गशीर्ष-पौष आला तर फंक्शननं अंदाज करू नये, 'पंचांग पाहा' असं उत्तर द्यावं. फसलीसाठी वेगळं फंक्शन करा आणि त्यात प्रदेशही विचारा; दक्षिणेतल्या आणि उत्तरेतल्या फसलीत दोनेक वर्षांचा फरक पडतो.

मग माहीत असलेल्या घटनेवर तपासा. निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं तो करार मे 1853 चा. शके 1775, वैशाख दिला की 1853 यायलाच हवं. माघ दिला तर 1854.

हे केलं नाही तर काय होईल? माघातला अर्ज वर्षभर आधीचा दिसेल, तो कराराच्या आधी लागेल, आणि त्यावर उभा केलेला कार्यकारणभावच कोसळेल. व्हायवात प्रश्न नेमका तिथेच येतो. नियम एका जागी असेल तर दुरुस्तीही एकाच जागी होते, आणि हे वर्ष कसं काढलं ते तुम्हाला दाखवता येतं.