दान, वर्गणी आणि मजुरी



श्रीमंत समाजातला ख्रिस्ती माणूस गरिबाचे काय देणे लागतो, हा विषय कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने घ्यावा याचे काहींना नवल वाटेल. मी ख्रिस्ती नाही आणि धर्मशास्त्राचा पंडित तर नाहीच. शाळा लवकर सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयाच्या बाकावर. पण हा प्रश्न मुळात देण्याघेण्याचा आहे, आणि देण्याघेण्याचा हिशेब विचारणे हाच माझा धंदा. शिवाय फैजपूरला तो परका नाही. १९३६ च्या डिसेंबरात पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन याच गावी झाले, आणि तेथे ठरलेल्या शेतीविषयक कार्यक्रमात शेतमजुराला जगण्यापुरती मजुरी मिळावी हे कलम होते.

आधी थोडे मागे जाऊ. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस अडला आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपले, भाव कोसळला. आपल्याकडे त्या दिवसांच्या चैनीच्या गोष्टी सांगतात. पण त्याच कापसावाचून इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या होत्या आणि तिकडचे कामगार उपाशी होते, हे कोणी सांगत नाही. त्या उपाशी कामगारांनी १८६२ च्या अखेरीस मँचेस्टरला सभा भरवून गुलामांच्या मुक्ततेसाठी अध्यक्ष लिंकन यांना पाठिंबा कळविला. त्यांना गिरणी चालू व्हायला हवी होती. तरी गुलामांनी पिकविलेल्या कापसासाठी त्यांनी लिंकनच्या विरुद्ध ओरड केली नाही. गरिबाने गरिबासाठी केलेला हा त्याग मला फार मोठा वाटतो. असो, हे विषयांतर झाले.

आपल्या महाराष्ट्रात हा प्रश्न स्वतःच्या आयुष्यात ज्यांनी सोडवून पाहिला त्या पंडिता रमाबाई. त्यांचा जन्म १८५८ चा. संस्कृत विद्येत वाढलेली ही मुलगी. पण १८७४ च्या सुमारास आईवडील आणि पाठोपाठ थोरली बहीण भुकेने गेली. भूक हा विषय त्यांनी पुस्तकात वाचलेला नव्हता. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८६ च्या मार्चात आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियास पोचल्या. आता तारखा लक्षात घ्या. त्यानंतर दोनच महिन्यांत, १ मे रोजी, अमेरिकन कामगारांनी आठ तासांच्या दिवसासाठी संप केला आणि ४ मे रोजी शिकागोला हेमार्केट चौकात बाँब फुटला. १८८७ च्या नोव्हेंबरात त्या प्रकरणी चार पुढाऱ्यांना फाशी झाली. पुढच्याच महिन्यात बोस्टन येथे हिंदुस्थानातल्या विधवांच्या शिक्षणासाठी 'रमाबाई असोसिएशन' निघाली. एकच देश, एकच हिवाळा! जो समाज दूरच्या विधवेसाठी हळहळतो तो दाराशी आठ तास मागणाऱ्याला ओळखत नाही, हे कोडे तेव्हापासून सुटलेले नाही.

रमाबाईंनी अमेरिकेवर मराठीत पुस्तक लिहिले, 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त'. ते १८८९ मध्ये निघाले. तिकडच्या बायका एकत्र येऊन संस्था कशा चालवितात याचे त्यांना फार कौतुक. परंतु काळ्या लोकांना आणि तिथल्या मूळच्या रहिवाशांना गोरा ख्रिस्ती समाज कसा वागवितो, हेही त्यांनी झाकले नाही. असोसिएशनचा पैसाही एखाद्या कुबेराच्या खिशातून आला नव्हता. गावोगाव मंडळे काढून, दहा वर्षे वर्गणी देण्याचे वचन घेऊन तो उभा केला होता. वर्गणी गोळा करण्यात ज्याने चपला झिजविल्या आहेत त्यालाच या कामाची किंमत कळेल.

त्याच १८८९ साली पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी संपत्तीवर निबंध लिहिला. श्रीमंताने आपले धन हयातीतच समाजासाठी वाटून टाकावे, असा त्याचा भावार्थ. त्यांनी पुढे हजारो वाचनालये बांधली; वाचनालयातच शिकलेल्या मी त्याला नावे कशी ठेवावी? पण १८९२ मध्ये त्यांच्याच होमस्टेडच्या कारखान्यात मजुरी कापण्यावरून झगडा पेटला, भाडोत्री शिपाई आले, दोन्ही बाजूंची माणसे मेली आणि तेथली संघटना मोडली. वाचनालयाच्या विटा त्या कापलेल्या मजुरीच्या आहेत, हे मात्र विसरता येत नाही. मधल्या १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी काढलेले पत्र मला अधिक पटते. मजुरी कामगाराच्या निर्वाहाला पुरेल इतकी असलीच पाहिजे आणि कामगारांना संघ करण्याचा हक्क आहे, असे त्यांनी सांगितले. म्हणजे दानाच्या आधी मजुरी.

१८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुलीबायका घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावला त्यांची शेतजमीन होती. तेथे 'मुक्ती' उभी राहिली. मग छप्पन्याचा दुष्काळ, १८९९-१९०० चा, ज्याची आठवण आपल्या म्हाताऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या सांगितली. गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली. तेव्हाही अमेरिकेतून मदत आली. न्यूयॉर्कच्या 'ख्रिश्चन हेरल्ड' पत्राच्या पुढाकाराने 'क्वीटो' नावाचे जहाज मका भरून मुंबईस लागले. परंतु केडगावचे वैशिष्ट्य आलेले धान्य वाटण्यात नव्हते. तेथे विहिरी खणल्या, शेती केली, माग चालविले, शिवण शिकविले, छापखाना काढला. रमाबाईंनी स्वतः केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्याच छापखान्यात बायकांच्या हातून छापून निघाले. त्या १९२२ मध्ये वारल्या आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. त्याच बायबलात, याकोबाच्या पत्रात, पीक कापणाऱ्याची अडवून ठेवलेली मजुरी हा विषय आहे.

धर्मांतराचा वाद टाळून चालणार नाही. १८८९ मध्ये मुंबईत निघालेले 'शारदा सदन' धर्माच्या बाबतीत तटस्थ राहावयाचे होते. १८९३ मध्ये त्यावरून वादळ उठले आणि रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. 'मुक्ती' तर उघडच ख्रिस्ती होती. माझे मत स्पष्ट सांगतो. ज्याच्या पोटात आग आहे त्याने केलेला करार खुशीचा नव्हे, मग तो मजुरीचा असो की धर्माचा. पण दुष्काळी मुलखात जाऊन त्या मुलींना उचलून आणणारे टीकाकारांत किती होते, हेही विचारले पाहिजे.

या बाईंनी श्रीमंतांचा पैसा घेतला म्हणून तोंड बंद ठेवले नाही. १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेग इस्पितळात बायकांची होणारी विटंबना त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' पत्रातून उघड केली. गोष्ट विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत गेली. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले. ख्रिस्ती सरकारला ख्रिस्ती बाईने जाब विचारला, तो असा.

मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे हेच काम दुसऱ्या टोकाने करीत होते. रविवार हा ख्रिस्त्यांचा पवित्र वार, राज्यही ख्रिस्त्यांचे. तरी गिरणी कामगाराला तो आपण होऊन कोणी दिला नाही. १८८४ पासून सभा आणि सह्यांचे अर्ज झाले तेव्हा १८९० च्या जूनमध्ये मिळाला.

आणि १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राने जे केले तेही या इतिहासातच बसते. खडी फोडणाऱ्याच्या कामाला कायद्याचा आधार मिळाला, रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला. त्यासाठी १९७५ पासून पगारदारांवर व्यवसाय कर बसविला. मुंबईच्या कचेरीतला ख्रिस्ती कारकून, पारशी व्यवस्थापक, हिंदू मास्तर, मुसलमान हिशेबनीस या सर्वांच्या पगारातून तो कापला गेला. मागणाऱ्याला मात्र कोणाचे आभार मानावयाचे नव्हते. त्याने अर्ज द्यावयाचा, आणि पंधरा दिवसांत काम मिळाले नाही तर भत्ता मागावयाचा.