ओसाड गावातले कुंपण

आपल्या स्मरणिकेत आजवर मी लोणच्या-पापडांच्या कृतीखेरीज काही लिहिलेले नाही. शिक्षण सातवीपर्यंतच झाले. पण २०१९ च्या उन्हाळ्यात मी अमेरिकेत धाकट्या जावेकडे गेले होते, त्या प्रवासाविषयी लिहा असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. प्रवासवर्णने पुष्कळजणी लिहितात. मला तिथे पाहिलेल्या एका गावाचा इतिहास सांगावासा वाटतो.

जाऊ, तिच्या दोन मैत्रिणी आणि मी अशा चौघीजणी भाड्याची घरगाडी घेऊन निघालो. घरगाडी म्हणजे बसएवढी मोटार. तिच्यात बिछाने, मोरी, गॅसची शेगडी, सारे काही. मैत्रिणींतली एक नागपूरची, दुसरी बेळगावची, त्यामुळे भाजीत तिखट किती घालावे यावर रोज वाद! कॅलिफोर्नियाच्या पूर्वेस डोंगरात ब्रिजपोर्ट नावाचे गाव आहे, तिथे मुक्काम केला. उंचीवर पाणी लवकर उकळते पण डाळ शिजत नाही, हे तिथे कळले. कुकर नेला होता म्हणून निभावले.

सकाळी बोडी गावाकडे निघालो. हमरस्ता सोडल्यावर १३ मैलांची वाट, त्यातले शेवटचे ३ मैल कच्चे. गाडीतली भांडी अशी खडखडू लागली की मी मागे जाऊन डबे धरून बसले. गाव ८,३७९ फुटांवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दीडपट उंच. चार पावले चढले की धाप लागते. आसपास झाड म्हणून नाही, नुसती खुरटी झुडपे.

१८५९ साली डब्ल्यू. एस. बोडी नावाच्या माणसाला इथे सोने सापडले. त्याच हिवाळ्यात तो बर्फाच्या वादळात मेला. गावाला नाव त्याचे मिळाले, सोने दुसऱ्यांना! पुढे पंधराएक वर्षे गाव लहानच होते. १८७५ च्या सुमारास एका खाणीत दरड कोसळून सोन्याची मोठी शीर उघडी पडली आणि माणसांची रीघ लागली. १८८० च्या सुमारास ७ ते १० हजार वस्ती झाली. दुकाने, वर्तमानपत्रे, चिनी मजुरांची वेगळी पेठ आणि दारूचे गुत्ते तर डझनांनी.

सोने काही ढेकळासारखे मिळत नाही. दगड गिरणीत लोखंडी मुसळांनी कुटायचा, त्यात पाणी सोडायचे आणि पाऱ्याने सोने धरायचे. उखळ-मुसळाचेच काम, फक्त वाफेवर चालणारे. वाफेला लाकूड हवे आणि गावात तर काडी नाही. म्हणून १८८१ मध्ये सुमारे ३२ मैलांवरच्या जंगलातून लाकडासाठी रेल्वे आणली. १८९३ मध्ये तर सुमारे १३ मैल दूर ओढ्यावर वीज काढून ती तारेने गिरणीत आणली. त्या काळी हे मोठे धाडस होते.

पण खाणीतले चांगले सोने लवकरच सरू लागले, तशी माणसेही पांगली. १८९२ आणि १९३२ मध्ये मोठ्या आगी लागल्या. १९१७ साली रेल्वे बंद झाली. १९४२ मध्ये युद्धामुळे सरकारने सोन्याच्या खाणी बंद करविल्या आणि टपालकचेरीही उठली. १९६२ पासून गाव सरकारी उद्यान म्हणून राखले आहे. शंभरावर इमारती उभ्या आहेत. त्या नव्या करीत नाहीत, नुसत्या पडू देत नाहीत. काचेतून आत डोकावले तर खुर्च्या, पलंग, भिंतीवरचे लोंबणारे कागद दिसतात. शाळेत पृथ्वीचा गोल आहे, पण धडा घ्यायला मूल नाही. दुकानाच्या फळीवर डबे तसेच. बाई घर सोडताना भांडी टाकून कशी गेली असेल, याचाच विचार मी करीत राहिले.

शेवटी आम्ही टेकडीवरच्या दफनभूमीकडे चालत गेलो. तिथे लॉटी जोल नावाच्या बाईची हकीकत कळली. ती पूर्वी बदनाम वस्तीत होती, मग एका खाटकाने तिच्याशी लग्न केले. गावातल्या प्रतिष्ठित बायकांनी तिला कधी आपल्यात घेतले नाही. १८९९ साली चुकीच्या औषधाने ती मेली, तेव्हा तिला कुंपणाच्या आत पुरावे की बाहेर, यावर वाद झाला. अखेर कुंपणाला लागून, पण आत जागा मिळाली, असे सांगतात.

नागपूरची मैत्रीण म्हणाली, "ताई, भांडणाऱ्या गेल्या, गावही गेले. कुंपण तेवढे राहिले बघा."

मी काही बोलले नाही. मला आमच्या शेजारच्या काकू आठवल्या. त्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी साऱ्या आळीला बोलावणे केले, पण त्यांचे यजमान सहा महिन्यांपूर्वी गेले म्हणून त्यांचे दार टाळले. त्याच काकूंनी माझ्या दोन्ही बाळंतपणांत मला न्हाऊमाखू घातले होते. संध्याकाळी त्यांच्या घरात दिवा होता, आणि मी जिन्यावरून मान खाली घालून गेले.

परत आल्यावर पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले. माफी मागायची होती, ती नीट जमली नाही. काकू म्हणाल्या, "अगं, चहा तर घे." पुढच्या संक्रांतीला त्या माझ्या घरी पाटावर बसल्या. दोघी-तिघी कुजबुजल्या, पण वाण सगळ्यांनी घेतले.

आपले मंडळ आणखी एक वर्षाने मोठे झाले, याचा आनंद आहे. येत्या हळदीकुंकवाची बोलावणी लिहिताना यादीत कोणाचे नाव गळले, ते आपण सगळ्याजणी मिळून एकदा पाहू. ही माझी विनंती समजावी.