एक वेस, अनेक नावे : फायरवॉलआडील संकेतस्थळांच्या व्यवस्थेचा इतिहास

१

ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यात, तानसा नदीच्या परिसरात वसलेले वज्रेश्वरी हे गाव पूर्वी वडवली या नावाने ओळखले जात असे. देवीचे मूळ ठाणे तेथून उत्तरेस गुंज या गावी होते. पोर्तुगीज अमलात तेथील देऊळ नष्ट झाले व देवी वडवलीस आली, अशी परंपरा आहे. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी देवीस नवस केला आणि मे १७३९ मध्ये किल्ला हाती आल्यावर सुभेदार शंकर केशव फडके यांच्याकडून मंदागिरी टेकडीवर देवालय बांधविले, असे सांगितले जाते. देवालयाभोवती किल्ल्यासारखा दगडी कोट आहे, पुढे नगारखाना आहे आणि चढण्यास बावन्न पायऱ्या आहेत. गाभाऱ्यात वज्रेश्वरीच्या जोडीस रेणुका, वणीची सप्तशृंगी, कालिका व परशुराम यांच्या मूर्ती आहेत.

या स्थलवृत्तातून दोन गोष्टी ध्यानात येतात. देवीचे ठिकाण बदलले, तरी नाव बदलले नाही. किंबहुना नव्या ठिकाणालाच तिचे नाव मिळाले. दुसरे असे की, अनेक दैवते एकाच कोटाआड नांदत असली तरी त्यांची ओळख एकमेकींत मिसळत नाही. भाविक दारातून आत आला की ज्या दैवताचे नाव घेतो, त्याच्यापुढे नमस्कार करतो. नाव आणि पत्ता यांचा हाच संबंध संगणकजाळ्याच्या क्षेत्रात गेल्या चार दशकांत नव्याने घडवावा लागला. एका फायरवॉलआड, एकाच सार्वजनिक पत्त्यावर, अनेक संकेतस्थळे नांदविण्याची व्यवस्था हे त्याचे फलित होय. ही व्यवस्था कशी घडली व तिची किंमत कोणती, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२

जाळ्यातील प्रत्येक यंत्रास एक आकडी पत्ता असतो. सप्टेंबर १९८१ मध्ये निश्चित झालेल्या चौथ्या आवृत्तीच्या नियमांप्रमाणे हा पत्ता बत्तीस बिटांचा ठरला. त्यामुळे पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटींवर थांबली. त्या काळी ही संख्या अक्षय्य वाटली असल्यास नवल नाही. परंतु आकडे माणसाच्या स्मरणात राहत नाहीत. म्हणून १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डोमेन नावांची पद्धती मांडली. नाव विचारले की त्याचा पत्ता सांगणारी ही एक विखुरलेली नोंदवही होय. यंत्र बदलले, पत्ता बदलला, तरी नाव तेच ठेवता येऊ लागले. नाव व पत्ता यांची फारकत येथे प्रथम झाली; मात्र तिचा पूर्ण अर्थ हाती येण्यास आणखी चौदा वर्षे लागली.

३

प्रारंभीच्या जाळ्यास कोट नव्हता, कारण त्यात वावरणारी मंडळी बहुतांशी परस्परांच्या परिचयाची होती. २ नोव्हेंबर १९८८ रोजी 'मॉरिस वर्म' या नावाने पुढे प्रसिद्ध झालेला स्वयंप्रसारी प्रोग्रॅम सुटला आणि हजारो यंत्रे ठप्प झाली. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत आत येणारी प्रत्येक पुडी तपासून मगच सोडणाऱ्या द्वारयंत्रांवरील महत्त्वाचे लेखन पुढे आले. इमारतीत आग पसरू नये म्हणून मध्ये घालावयाच्या भिंतीचे 'फायरवॉल' हे नाव या यंत्रास मिळाले.

दरम्यान पत्त्यांची टंचाई जाणवू लागली होती. मे १९९४ मध्ये पत्तापालटाची रीत प्रसिद्ध झाली आणि केवळ अंतर्गत वापरासाठी पत्त्यांचे तीन पट्टे राखून ठेवण्याचा नियम फेब्रुवारी १९९६ मध्ये पक्का झाला. आता एखाद्या संस्थेतील शेकडो यंत्रांना आत खाजगी पत्ते देता येत आणि बाहेरच्या जगास फक्त फायरवॉलचा एकच पत्ता दिसे. संरक्षण आणि काटकसर हे दोन हेतू एकाच भिंतीने साधले.

आतून बाहेर जाणाऱ्यांसाठी ही सोय उत्तम होती. बाहेरून आत येणाऱ्यांची अडचण मात्र निराळी. संकेतस्थळांची मागणी रूढीने ८० क्रमांकाच्या पोर्टवर येते. त्या पोर्टवर आलेली मागणी आतील अमुक यंत्राकडे पाठवावी, असे फायरवॉलला सांगता येई; पण ते यंत्र एकच असू शके. आत दोन यंत्रांवर दोन नावांची दोन संकेतस्थळे असतील, तर कोणती मागणी कोणाची हे पत्ता व पोर्ट पाहून ठरविणे अशक्य होते.

४

या अडचणीचे मूळ वेबच्या जन्मातच होते. टिम बर्नर्स-ली यांच्या १९९१ च्या पहिल्या आराखड्यात वाचकाचा ब्राउझर सर्व्हरशी जोडला गेल्यावर केवळ हव्या असलेल्या पानाचा मार्ग सांगत असे. कोणत्या संकेतस्थळाचे पान हवे, हे तो सांगत नसे. पाकिटावर वाड्याचा पत्ता आहे, पण आतील कोणत्या बिऱ्हाडाचे पत्र ते लिहिलेले नाही, अशी ही स्थिती होती. वाड्यात एकच बिऱ्हाड असेतो काही बिघडत नव्हते. बिऱ्हाडे वाढली तेव्हा प्रत्येकासाठी वेगळा पत्ता घेणे, एवढाच मार्ग उरला. आणि पत्ते तर मोजके होते.

जानेवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.१ या नियमावलीने तोडगा काढला. प्रत्येक मागणीबरोबर 'होस्ट' या शीर्षकाखाली संकेतस्थळाचे नाव सांगणे तिने सक्तीचे केले. बदल एका ओळीचाच, पण परिणाम दूरगामी झाला. फायरवॉलआड, किंवा फायरवॉललाच जोडून, एक द्वारपाल सर्व्हर बसविता येऊ लागला. यास 'रिव्हर्स प्रॉक्सी' म्हणतात. सर्व मागण्या प्रथम त्याच्याकडे येतात; तो नाव वाचतो, त्या नावाच्या खाजगी पत्त्यावरील यंत्राकडून पान मागवितो व बाहेर पाठवितो. आत किती यंत्रे आहेत, याचा वाचकास पत्ताही लागत नाही. अपाचे या सर्व्हरने नावावरून संकेतस्थळे वेगळी करण्याची सोय १९९६ मध्येच दिली होती. इगोर सिसोयेव यांचा एन्जिनएक्स हा सर्व्हर २००४ मध्ये सर्वांस खुला झाला व द्वारपालाच्या कामी विशेष रूढ झाला.

५

तथापि गुप्ततेच्या प्रश्नाने हीच अडचण पुन्हा उभी केली. कूटबद्ध संभाषणात सर्व्हरने आधी स्वतःचे प्रमाणपत्र दाखवावयाचे असते आणि होस्टचे नाव त्यानंतर, कूटबद्ध स्वरूपात येते. नाव कळण्यापूर्वीच कोणत्या नावाचे प्रमाणपत्र दाखवावे? जून २००३ मध्ये यावर उपाय मान्य झाला : पहिल्याच नमस्कारात ब्राउझरने हवे ते नाव उघडपणे सांगावे. परंतु विंडोज एक्सपीवरील इंटरनेट एक्स्प्लोररला हे कधीच जमले नाही आणि त्या प्रणालीचा अधिकृत आधार ८ एप्रिल २०१४ पर्यंत चालू राहिला. परिणामी छोट्या संस्थांस कूटबद्ध संकेतस्थळ हवे असल्यास दीर्घकाळ स्वतंत्र पत्ता घ्यावा लागे. डिसेंबर २०१५ पासून लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची विनामूल्य प्रमाणपत्रे सर्वांस मिळू लागली, तेव्हा खर्चाचा उरलासुरला अडसरही दूर झाला.

६

भारतात या इतिहासाचे आरंभीचे एक केंद्र मुंबईत होते. १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट या शैक्षणिक जाळ्यात जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राचा महत्त्वाचा वाटा होता आणि '.इन' या नावांची नोंदवहीही दीर्घकाळ याच केंद्राने सांभाळली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्यांस खुले केले. नावांची दारे मात्र खऱ्या अर्थाने जानेवारी २००५ मध्ये उघडली, कारण तेव्हा '.इन' ची नोंदणी सुलभ करण्यात आली. ऑगस्ट २०१४ मध्ये '.भारत' चा आरंभ झाला आणि देवनागरीत लिहिलेल्या मराठी नावासही वाट मिळाली.

नावे अशी वाढत असता पत्ते आटत होते. ३ फेब्रुवारी २०११ रोजी पत्त्यांचा जागतिक साठा वाटून संपला. १५ एप्रिल २०११ रोजी आशिया-प्रशांत विभागाच्या संस्थेने आपला अखेरचा गट रेशनिंगच्या नियमाखाली आणला. अशा वेळी तालुक्याच्या गावच्या एखाद्या वाचनालयाने वा देवस्थानाने स्वतःच्या नावाचे संकेतस्थळ काढावयाचे, तर सामाईक पत्त्यावाचून ते परवडण्याजोगे राहिले नसते.

७

या व्यवस्थेची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. एका पत्त्याआड राहणाऱ्यांचे दैवही काही अंशी एकत्र बांधले जाते. सप्टेंबर २००३ मध्ये मेघालयातील एका संघटनेशी संबंधित असा एकच याहू गट अडविण्याचा आदेश सरकारकडून निघाला. तेवढा एक गट वेगळा काढण्याचे साधन सेवादात्यांजवळ नव्हते. त्यांनी सरसकट दारच लावले आणि ज्यांचा त्या गटाशी काडीमात्र संबंध नव्हता, असे सारे याहू गट भारतीय वाचकांस बंद झाले. जुलै २००६ मध्ये निवडक पानांविषयीच्या आदेशाने ब्लॉगस्पॉटवरील असंख्य लेखकांची हीच गत झाली. दोन्ही प्रसंगी अपराध एका नावाचा मानला गेला आणि शिक्षा साऱ्या वाड्याला झाली.

याउलट, नाव वाचता येऊ लागले की नेमका एकच शेजारी अडविता येतो; परंतु मग कोण कोणाकडे जातो, हेही वाटेवरच्या प्रत्येकास वाचता येते. पहिल्या नमस्कारातील उघडे नाव पाहून भारतातील काही सेवादाते संकेतस्थळे अडवितात, असे अभ्यासकांनी पुढे दाखवून दिले. ते नावही झाकून नेण्याची रीत नंतर आखण्यात आली आहे. ती सर्वत्र रूढ झाली, तर सेवादात्यापुढे पुन्हा २००३ चाच पेच उभा राहील : एकास अडवावयाचे तर सर्वांस अडवावे लागेल.

यावरून असे म्हणता येईल की, अनेक नावे एका वेशीआड नांदविण्याचा प्रश्न मुळात यंत्रांचा नसून विश्वासाचा आहे. वेशीवर नाव सांगितल्यावाचून आतील घर सापडत नाही. आणि नाव सांगितले की ते द्वारपालाच्या कानी पडतेच. वज्रेश्वरीच्या नगारखान्याखालून जाणाऱ्या भाविकास आपण कोणत्या दैवतासाठी आलो, हे दारात सांगावे लागत नाही. ते तो गाभाऱ्यापुढे उभा राहून मनाशीच म्हणतो. संगणकजाळ्यास एवढी मुभा अद्याप पुरतेपणी साधलेली नाही.